मामीची भिशी, भाच्याचे ॲप

नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या आणि घरगुती डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका एकेचाळीस वर्षांच्या भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या गल्लीतील चौदा जणींची भिशी गेली अकरा वर्षे चालू आहे. दरमहा प्रत्येकी २,००० रुपये जमतात, म्हणजे पाळी येईल तिच्या हातात २८,००० रुपये पडतात. हिशेबाची वही सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. अशा वेळी नणंदेच्या मुलाने एक पर्याय सुचवला आहे. तो एका सहकारी पतसंस्थेचा प्रतिनिधी असून त्या संस्थेचे सर्व व्यवहार मोबाईलमधील ॲपवर चालतात. भिशी मोडावी, चौदाही जणींनी ॲपवर नाव नोंदवून दरमहा आवर्त ठेव भरावी, अडीअडचणीला दहा मिनिटांत कर्ज मिळेल, असे त्याचे म्हणणे आहे. त्याशिवाय, मुलगी अकरावीत असून तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बँकेत सात टक्क्यांनी ठेवलेले तीन लाख रुपये मामीने संस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेवावेत, असाही त्याचा आग्रह आहे. पतीचा याला विरोध आहे, तर नणंद म्हणते, ‘घरच्या पोरावर भरवसा नाही का?’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘संस्था सरकारमान्य आहे, सगळे मोबाईलवर दिसते आणि माणूस घरचा आहे. मग भीती कशाची? की मीच जुन्या वळणाची आहे?’

ताई, तुमच्या पत्रात ‘खाते’ हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि ‘सभासद’ हा शब्द एकदाच, तोही भाच्याच्या तोंडी. मी काही वर्षे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम केले असल्यामुळे असे शब्द मोजण्याची सवय लागली आहे. राग मानू नका. बँकेत आपण ग्राहक म्हणून जातो आणि खाते उघडून घरी येतो. पतसंस्थेत मात्र आपण, निदान कायद्याच्या कल्पनेप्रमाणे, भाग (शेअर) विकत घेऊन त्या संस्थेचे एक मालक होतो, आणि आपली ठेव ही आपल्याच संस्थेला दिलेली उसनवारी असते. तुमच्या तिन्ही कारणांकडे मी याच बाजूने पाहणार आहे.

पहिले कारण ‘सरकारमान्य’ हे. पतसंस्था एकतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवलेली असते किंवा एकाहून अधिक राज्यांत काम करणारी असल्यास बहुराज्यीय सहकारी संस्था अधिनियम, २००२ खाली. दोन्हींपैकी कुठेही नोंदणी झाली म्हणजे संस्था कायदेशीर रीतीने अस्तित्वात आली, एवढेच सिद्ध होते. जन्माचा दाखला पाहून कोणी प्रकृतीची खात्री देत नाही. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण, जे ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेले, ते सहकारी बँकांना लागू आहे, परंतु पतसंस्थांना लागू नाही. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ हा शब्द लावतात आणि सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेतात, याबद्दल रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तेव्हा भाच्याच्या माहितीपत्रकावर कुठे ‘बँक’ किंवा ‘बँकिंग’ असे छापले असेल, तर तेवढ्यावरच थांबून चौकशी करावी.

याचा अर्थ बँक असली की सारे सुरक्षित, असाही घेऊ नका. आपल्या नागपूरकरांना ते वेगळे सांगायला नको. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील रोखे खरेदीतील घोटाळ्याचे प्रकरण २००२ साली उघड झाले आणि त्याचा पहिला निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. मधल्या एकवीस वर्षांत, २००२ साली जन्मलेली मुले मतदार झाली. तुमच्या मुलीच्या प्रवेशाची तारीख कोणत्याही न्यायालयासाठी पुढे ढकलली जाणार नाही, म्हणून मी हे सांगतो आहे.

संस्था राज्याची आहे की बहुराज्यीय, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण तक्रार कुठे करायची ते त्यावर ठरते. राज्याच्या कायद्याखालील संस्थेसाठी उपनिबंधक, जिल्हा उपनिबंधक आणि विभागीय सहनिबंधक हे सर्व अधिकारी नागपुरातच आहेत. बसने जाऊन अर्ज देता येतो आणि पोच घेता येते. बहुराज्यीय संस्थेचे निबंधक दिल्लीला असतात. २०२३ च्या दुरुस्तीने ठेवीदार सभासदांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची सोय केली आहे, ती चांगलीच आहे. तरीही सहारा समूहातील चार बहुराज्यीय संस्थांच्या ठेवीदारांचे काय झाले, ते लक्षात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२३ मध्ये त्यांच्यासाठी परताव्याचे पोर्टल सुरू झाले आणि सुरुवातीला प्रत्येकाला दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम मिळण्याची व्यवस्था होती. बहुराज्यीय संस्थांची यादी केंद्रीय निबंधकांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तुमची मुलगी पाच मिनिटांत शोधून देईल. राज्यातील संस्था असेल, तर उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, तिचे कार्यक्षेत्र लिहिलेले असते. एखाद्या तालुक्यापुरती किंवा जिल्ह्यापुरती नोंदलेली संस्था ॲपच्या बळावर साऱ्या राज्यातून लोक गोळा करत असेल, तर ती पहिल्याच पायरीवर स्वतःचा नियम मोडते आहे.

आता दुसरे कारण, ‘सगळे मोबाईलवर दिसते’. माझ्या मते तुमच्या पत्रातील खरी मेख इथेच आहे.

काकूंची वही आठवून पाहा. त्या वहीत चौदा नावे एकाखाली एक असतात. कोणी भरले, कोणाचे राहिले, कोणाची पाळी झाली, कोणी मुलाच्या आजारपणासाठी पाळी अलीकडे मागून घेतली, हे चौदाही जणींना माहीत असते. अकरा वर्षांत नऊ फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि तुमचे पैसे बुडाले नाहीत, याचे श्रेय काकूंच्या सचोटीला आहेच, पण त्याहून अधिक ते त्या उघड्या वहीला आहे. ॲपमध्ये तुम्हाला काय दिसणार? तुमचा हप्ता, तुमची शिल्लक, तुमचे व्याज. इतर हजारो लोकांनी ठेवलेले पैसे कोणाला कर्जाऊ दिले, त्यांतले किती परत आले, किती थकले, हे त्या पडद्यावर कुठेच नसते. ‘सगळे दिसते’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला आपलेच दिसत असते, आणि धोका मात्र न दिसणाऱ्या भागात असतो. पतसंस्था बुडते ती तुमच्या पासबुकात आकडा चुकल्यामुळे नव्हे. संचालकांच्या सोयऱ्यांना विनातारण दिलेली कर्जे वसूल न झाल्यामुळे. त्या दिवशीही पासबुकातला आकडा बिनचूकच असतो.

ॲप वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. रोजची लहान बचत दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाने घेतलेले पैसे आठ-आठ दिवस कार्यालयात न भरण्याचे प्रकार मी तपासणीत पाहिले आहेत, आणि भरणा होताच मोबाईलवर संदेश येण्याने त्याला चांगलाच आळा बसला. दिवसभर डबे पोहोचवणाऱ्या बाईला संस्थेच्या दारात ताटकळावे लागू नये, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. मात्र ॲपला पासबुकाची जागा द्यावी, आमसभेची देऊ नये.

आमसभेचा विषय निघाला म्हणून थोडे सविस्तर सांगतो. राज्याच्या कायद्याप्रमाणे सहकारी संस्थेची वार्षिक आमसभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, व्हावी लागते. तिथे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मांडला जातो, आणि कोणाचे भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत असते. प्रत्यक्षात काय होते, तेही मी पाहिले आहे. नागपूरच्या महाल भागातील एका सभागृहात अशा एका सभेला मी बसलो होतो. बारा विषय चौदा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत संपले आणि लोक स्टीलचा डबा व आलूबोंड्याची पुडी घ्यायला रांगेत उभे राहिले. त्या रांगेतल्या कोणीही ताळेबंद उघडला नव्हता. त्यामुळे दोष सगळा संचालकांचाच असतो, असे मला म्हणता येत नाही. पण निदान तिथे उठून प्रश्न विचारण्याचा हक्क त्या प्रत्येकाला होता. तुम्हाला तो मिळणार आहे का, हे तपासायला हवे. कायद्यात ‘नाममात्र सभासद’ नावाचा एक प्रकार आहे. किरकोळ शुल्क घेऊन असे सभासदत्व दिले जाते. त्याला मत नसते आणि नफ्यात वाटाही नसतो. मोबाईलवर दोन मिनिटांत जे सभासदत्व मिळते, ते बहुधा याच प्रकारचे निघते, आणि नाव नोंदवणाऱ्याला ते ठाऊकही नसते. तुम्ही मालक होणार म्हणून भाचा सांगतो, तर तुम्हाला भाग दाखला मिळायला हवा, त्यावर तुमचे नाव व भागांची संख्या हवी आणि सभेची नोटीस तुमच्या पत्त्यावर किंवा मोबाईलवर यायला हवी.

नियमित सभासद झाल्यावर एक हक्क अवश्य वापरा. राज्याच्या कायद्यातील कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांचे इतिवृत्त विनामूल्य पाहता येते. आकड्यांची भीती वाटत असेल, तर चारच गोष्टी पाहा. लेखापरीक्षकाने संस्थेला कोणता वर्ग दिला आहे, अ की ड. एकूण कर्जांपैकी थकीत किती. कर्जे सोन्यासारख्या तारणावर अधिक आहेत की विनातारण. आणि गेल्या तीन वर्षांत थकबाकी वाढत गेली की उतरत. रोज डब्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे न समजण्यासारखे काही नाही. संस्थेचे नागपुरात कार्यालयच नसेल आणि ‘सगळे ऑनलाइन आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर नकार म्हणून धरावे.

साडेदहा टक्क्यांकडे वळू. तीन लाखांवर बँकेपेक्षा साडेतीन टक्के जास्त, म्हणजे वर्षाला १०,५०० रुपये, महिन्याला ८७५. तीन लाख रुपये विम्याच्या छत्राखालून बाहेर काढण्याची ही किंमत तुम्हाला मिळणार आहे. ठेवीवर साडेदहा देणाऱ्या संस्थेला कर्जावर चौदा-पंधरा तरी घ्यावेच लागतात, तेव्हा कुठे कार्यालयाचा, ॲपचा आणि तुमच्या भाच्याच्या कमिशनचा खर्च निघतो. बँकेत स्वस्त कर्ज मिळू शकणारा माणूस या दराने कर्ज घ्यायला येत नाही. जो येतो तो एकतर अडलेला प्रामाणिक लहान व्यावसायिक असतो, इतवारी-गांधीबागेतल्या कित्येक दुकानांचा डोलारा अशा वेळेवर मिळालेल्या कर्जांवरच उभा राहिला आहे, किंवा बँकेने पारखून परत पाठवलेला असतो. या दोघांत फरक ओळखण्याची जबाबदारी कर्ज समितीची. दहा मिनिटांत कर्ज देणारी समिती तो कसा ओळखते, हा प्रश्न भाच्याला जरूर विचारा.

कर्ज तुम्हाला स्वतःला लागले, तर व्याज सरळ आकारतात की घटत्या शिल्लकेवर, हे लेखी घ्या. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी बारा टक्के सरळ व्याजाने घेतले, तर व्याज ३६,००० रुपये होते. त्याच दराने घटत्या शिल्लकेवर ते साधारण १९,६०० होते. म्हणजे जाहिरातीत बारा दिसणारा सरळ दर प्रत्यक्षात एकवीस टक्क्यांच्या घरात जातो. यात प्रक्रिया शुल्क आणि कर्जाच्या प्रमाणात घ्यावे लागणारे भाग मी धरलेले नाहीत. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या बँका व वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून जे नियम लावले आहेत, खर्चाचे विवरण आधी देण्यापासून ग्राहकाच्या माहितीच्या वापरापर्यंत, त्यांच्या कक्षेत पतसंस्था येत नाही. म्हणून ॲपने संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारावी. हप्ता भरण्याशी तुमच्या माहेरच्या फोन नंबरांचा काही संबंध नाही.

याहून मोठी सावधगिरी जामीनकीबाबत बाळगा. चौदा मैत्रिणी एकत्र आल्या की एकमेकींना जामीन राहणे ओघाने येतेच. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जाऊन सही करावी लागे, आणि सही करताना हात थोडा तरी थबकत असे. आता मोबाईलवर सहा आकडे येतात आणि ते सांगितले की काम होते. ओटीपी ही सहीच आहे, हे तुमच्या गल्लीत प्रत्येकीला समजावून सांगा. कर्ज थकले तर राज्याच्या कायद्यातील कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून संस्था कर्जदाराइतकीच जामीनदाराच्याही मागे लागू शकते, आणि त्यासाठी तिला दिवाणी दाव्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही.

आता तिसरे कारण, घरचा माणूस. भाच्याच्या हेतूवर मला शंका नाही. पण तो संस्थेचा संचालक नाही, लेखापालही नाही. लोक जोडून देण्याचे काम करणारा प्रतिनिधी आहे. संस्थेच्या थकबाकीविषयी त्याला तुमच्याहून फारसे अधिक माहीत असण्याचे कारण नाही. कमिशन घेणे यात गैर काही नाही, फक्त ते किती मिळते हे त्याने मोकळेपणाने सांगावे आणि तुम्ही मोकळेपणाने विचारावे. पुढे काही बिघडले, तर चौदा घरांचे बोल त्याच्या आईला ऐकावे लागतील. नणंदबाईंना हे जरा वेगळ्या शब्दांत सांगून पाहा: भरवसा पोरावर आहेच, आणि म्हणूनच गल्लीतल्या बायकांचे पैसे त्याच्या नावाशी एकदम जोडायला मन धजत नाही. त्यांचा रुसवा गेला नाही, तर चार-सहा महिने तो सोसावा लागेल. घरात एवढे चालते.

मग करावे काय? तीन लाखांविषयी माझे मत स्पष्ट आहे, ते हलवू नका. ज्या पैशाला तारीख ठरलेली आहे, तो पैसा बँकेत किंवा पोस्टातच, प्रवेशाच्या आधी मुदत संपेल अशा बेताने ठेवावा. तुमच्या यजमानांचे या बाबतीत बरोबर आहे, मग त्यांचे कारण काहीही असो.

भिशीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा आहे, कारण काकूंच्या डोळ्यांवर उपाय शोधावाच लागेल. त्यासाठी भिशी मोडायलाच हवी, हे मात्र मला पटत नाही. वही तुमच्यापैकी दुसरीने घ्यावी, आणि तिचे पान दर महिन्याला मोबाईलवरच्या गटात टाकावे. डिजिटल व्हायचे तर इतके पुरेसे आहे. चौदा जणींचा रीतसर महिला बचत गट करून जवळच्या बँकेत गटाच्या नावाने बचत खाते काढणे हा मला अधिक आवडणारा मार्ग आहे. नाबार्डने १९९२ पासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम चालवले आहे. काही महिने बचत आणि आपसातील कर्जफेड नियमित ठेवली, की गटाला बँकेकडून कर्जही मिळू शकते. वही उघडीच राहते आणि पैसा बँकेत.

एवढे करूनही पतसंस्थेचा अनुभव घ्यावासा वाटत असेल, तर तोही घ्यावा. चांगल्या पतसंस्था आहेत आणि त्या माझ्यासारख्याच्या शंकांवर नव्हे, सभासदांच्या भरवशावर चालतात. मात्र सुरुवात एकटीने आणि लहान रकमेने करावी. नियमित सभासद व्हा, दरमहा पाचशे रुपयांची आवर्त ठेव एक वर्षासाठी ठेवा, सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या आमसभेला जाऊन बसा, आणि मुदत संपल्यावर पैसे ठरल्या दिवशी बँक खात्यात येतात का ते पाहा. पैसे भरताना ते संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच जायला हवेत. क्यूआर कोड लावल्यावर पडद्यावर भाच्याचे किंवा आणखी कोणाचे नाव आले, तर व्यवहार तिथेच सोडावा. ठेवीची पावती कागदावर मागा आणि दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा उतरवून ठेवा, कारण ॲप बंद पडलेल्या दिवशी पुरावा म्हणून तेवढेच हाती राहते.

अशाच प्रश्नाची आणखी दोन पत्रे माझ्यासमोर आहेत, त्यांच्यापुरते थोडक्यात. निवृत्त गृहस्थांनी ग्रॅच्युइटीची रक्कम कोणत्याही एका पतसंस्थेत ठेवू नये, व्याजाचा दर कितीही मोहात पाडो. कळमना बाजारातील ज्या व्यापारी बंधूंची रोजची पिग्मी आहे, त्यांनी रोजच्या रोज संदेश आला की नाही हे दुकान बंद करण्यापूर्वी पाहावे आणि आठवड्यातून एकदा शिल्लक संस्थेच्या कार्यालयातून पडताळावी.

ताई, भाच्याला येत्या रविवारी जेवायला बोलवा. जेवणानंतर ॲपवरचा अर्ज त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि ‘सभासदत्वाचा प्रकार’ या रकान्यापाशी थांबवा. तिथे ‘नाममात्र’ असेल, तर नियमित सभासदत्वाचा कागदी अर्ज, उपविधीची प्रत आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद घेऊन ये, मग पुढचे बोलू, असे सांगा. तोपर्यंत मोबाईल मात्र तुमच्याच हातात असू द्या.